खिडकीतून झाडं दिसली, बॉयलर पाहिलात का?

पत्र थोडक्यात: शिकागोच्या पश्चिमेच्या एका उपनगरात राहणाऱ्या मैत्रिणीचं हे पत्र. वय ४१, नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगी नऊ वर्षांची. शहरात लिंकन पार्कजवळ १९२४ साली बांधलेल्या, सहा बिऱ्हाडांच्या विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा कॉन्डो विकायला आहे. किंमत ५,२०,००० डॉलर, महिन्याची असेसमेंट, म्हणजे इमारतीच्या सामायिक खर्चाची वर्गणी, ४१० डॉलर. ‘पुढच्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या आहेत आणि बसलं की फक्त झाडांचे शेंडे दिसतात. आजोबांच्या वाड्याच्या माडीवर बसल्यासारखं वाटलं,’ असं त्या लिहितात. नवऱ्याचं म्हणणं, शंभर वर्षांच्या भिंतीत पैसे गाडण्यात शहाणपण नाही. लिफ्ट नाही, आणि सासू-सासरे वर्षातले पाच-सहा महिने राहायला येतात. रिअल्टर (घरांची दलाल) सांगते, रविवारी संध्याकाळपर्यंत ऑफर द्या, आणखी दोघं तयार आहेत. ‘घर घ्यावं का? आणि नवऱ्याला कसं पटवू?’

---

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही त्या खिडकीत जाऊन बसले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. ओकची जमीन आहे, जेवणाच्या खोलीतलं काचेच्या दारांचं भिंतीतलं कपाट आहे, स्वयंपाकघरामागची कोठीची खोलीसुद्धा आहे. बॉयलर, छप्पर, मागचा लाकडी जिना आणि उरलेली पाच बिऱ्हाडं यांच्याबद्दल मात्र एक ओळ नाही. तुमच्या नवऱ्याला नेमकं हेच खटकत असावं, फक्त त्यांनी ते ‘पैसे गाडणं’ अशा शब्दांत सांगितलं.

मी तटस्थ नाही, हे आधी सांगून टाकते. अशाच एका इमारतीत माझी वीस वर्षं गेली, त्यातली अकरा मी तिथल्या असोसिएशनची, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संस्थेची, खजिनदार होते. अशा घरांवर माझा जीव आहे आणि त्यांच्या खोड्याही मला ठाऊक आहेत.

तुम्ही लिहिता, ‘जुनी बांधकामं भक्कम असतात.’ असतात, पण कोणता भाग? शिकागोतल्या त्या काळच्या इमारतीच्या समोरच्या भिंतीला चांगली भाजलेली, गुळगुळीत वीट असते. बाजूच्या आणि मागच्या भिंतींना इथल्याच मातीची साधी वीट, नरम आणि पाणी पिणारी. तिच्या सांध्यांत मुळात चुन्याचा मऊ मसाला होता. नंतर कुणीतरी स्वस्तात टकपॉइंटिंग (सांध्यांत नवा मसाला भरणं) करून घेतलं आणि त्यात कडक सिमेंट भरलं, की आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ते विटेतच राहतं, हिवाळ्यात गोठतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा गल्लीच्या बाजूने जा आणि मागून बघा. जाहिरातीतले फोटो पुढूनच काढलेले असतात.

खिडक्यांच्या वरची ओळही बघा. विटांचं वजन पेलायला तिथे पोलादी पट्टी असते, लिंटल म्हणतात तिला. ती गंजली की फुगते आणि वरच्या विटा उचलते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांची एक भेग वर गेली होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात नख जायचं. दोन हिवाळ्यांनंतर घराची किल्ली जायला लागली. बैठकीत मी ती किल्लीच दाखवली होती.

आता त्या बैठकीबद्दल, कारण माझं मुख्य सांगणं तिथेच आहे. बेसमेंटमधल्या सामायिक लॉन्ड्रीत, ड्रायरच्या शेजारी, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, दोन वर्षांत विकून जायच्या बेतात, म्हणून खर्च नको. एक निवृत्त बाई, पेन्शनवर, म्हणून असेसमेंटमध्ये दहा डॉलरची वाढसुद्धा नको. एकाने फ्लॅट भाड्याने दिलेला, तो फोनवरून ‘हो-हो’ म्हणणार आणि मत देणार नाही. लिंटलचं काम तीन वर्षं असंच पुढे ढकललं गेलं, आणि शेवटी झालं तेव्हा आसपासची भिंतही उतरवावी लागली. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाची आपापली अडचण होती आणि भेग सगळ्यांची होती.

तुम्हाला वाटतंय तुम्ही एक फ्लॅट घेताय. कागदावर तुम्ही घेता ती आतली मोकळी जागा, आणि भिंती, छप्पर, बॉयलर, जिना यांतला एक टक्केवारीचा हिस्सा. बाकीच्या पाच जणांसोबत, न ठरवता झालेली भागीदारी. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेला दांडी मारली तरी चालून जातं, कारण चाळीस-पन्नास सभासदांत कुणीतरी सेक्रेटरी निघतोच. सहा बिऱ्हाडांत तो ‘कुणीतरी’ म्हणजे वर्षभरात तुम्हीच.

म्हणून ४१० डॉलरची असेसमेंट ‘कमी आहे, छानच’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थबकले. वाफेच्या बॉयलरवर चालणाऱ्या अशा इमारतीत बऱ्याचदा सगळ्यांच्या हीटिंगचा गॅस त्याच पैशातून भरला जातो. शिवाय विमा, पाणी, बर्फ काढणं. एवढं करून शिलकीत काय पडतं ते विचारा. रिझर्व्हमध्ये, म्हणजे असोसिएशनच्या राखीव निधीत, १८,००० डॉलर आहेत असं रिअल्टरने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. समजा, उद्या मागचा जिना आणि पोर्च (मजल्यामजल्याची लाकडी गॅलरी) नव्याने बांधायचा खर्च १,२०,००० निघाला. शिल्लक सगळी वापरली तरी १,०२,००० उरतात. तुमचा हिस्सा १८ टक्के असेल तर १८,३६० डॉलरची स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, तुमच्या नावावर येते. हिस्सा सहा समान भागांत असतोच असं नाही. डिक्लरेशन नावाच्या दस्तऐवजात तुमच्या फ्लॅटपुढे टक्का छापलेला असतो, तो आजच बघून घ्या. कमी असेसमेंट हे पुष्कळदा नुसतं लांबणीवर टाकलेलं बिल असतं.

पोर्चचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. शिकागोच्या जुन्या इमारतींना मागे लाकडी जिना आणि प्रत्येक मजल्याला अशी गॅलरी असते. कचरा तिथूनच खाली न्यायचा, उन्हाळ्यात खुर्च्या तिथेच टाकायच्या. २९ जून २००३ च्या रात्री याच लिंकन पार्क भागात, राइटवुड अॅव्हेन्यूवर, पार्टी चालू असताना असा तीन मजली पोर्च कोसळला आणि १३ तरुण मुलं-मुली गेली. त्यानंतर शहराने पोर्चची तपासणी कडक केली. तुमच्या इमारतीचा पोर्च कधी बांधलाय, परवाना काढून बांधलाय का, शहराची एखादी नोटीस अजून उघडी आहे का, हे तुमच्या ॲटर्नीला (वकिलाला) शोधायला सांगा. घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरलाही स्पष्ट सांगा की फ्लॅटच्या आत जेवढा वेळ घालवाल तेवढाच पोर्च, छप्पर आणि बॉयलरच्या खोलीत घालवा. कॉन्डो म्हटलं की काही इन्स्पेक्टर आतले नळ सोडून बघतात आणि निघतात.

१९२४ सालाबद्दलही थोडं. घर १९२४चं असलं तरी ‘कॉन्डो’ १९२४चा असूच शकत नाही. इलिनॉयमध्ये कॉन्डोचा कायदा आला १९६३ साली. त्याआधी ही भाड्याची बिऱ्हाडं असणार, आणि पुढे कधीतरी कुणा बिल्डरने त्यांचे मालकीचे फ्लॅट करून विकले असणार. ते कोणत्या साली झालं आणि तेव्हा भिंतींच्या आत काय बदललं, हा प्रश्न विचाराच. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर चकाचक आणि त्याच्यामागे गंजलेले लोखंडी पाइप, कापडी आवरणाच्या वायरी तशाच. नळ नवा, नळी जुनी. घर १९७८ पूर्वीचं आहे, म्हणजे शिशाच्या रंगाबद्दलचं निवेदन विक्रेत्याने द्यायलाच हवं, आणि त्याची तपासणी करून घ्यायला तुम्हाला दहा दिवस मागता येतात. पाण्याचंही बघा. १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत शिकागोचा नियमच छोट्या इमारतींना शिशाची जोडणी, म्हणजे रस्त्याखालच्या नळापासून इमारतीपर्यंतचा पाइप, घालायला सांगत होता, आणि आजही इतक्या शिशाच्या जोडण्या देशात दुसऱ्या कुठल्या शहरात नाहीत. मोठ्या व्यासाची जोडणी असेल तर ती शिशाची नसते. सहा बिऱ्हाडांची इमारत नेमकी सीमेवर येते. शहर पाणी फुकट तपासून देतं, ३११ला फोन करायचा. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, तेव्हा हे टाळू नका.

जाहिरातीत ‘हिस्टॉरिक’ लिहिलंय, त्यावर तुम्ही भाळलात. परिसर तसा आहेच. आज पार्क आहे तिथे एकेकाळी शहराचं कब्रस्तान होतं. १८६५ मध्ये, लिंकनच्या हत्येनंतर, पार्कला त्याचं नाव दिलं गेलं. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्ककडून राजहंसांच्या दोन जोड्या आल्या, आणि त्यातून आजचं प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. अजूनही तिकीट नाही, तुमच्या मुलीला शाळेतून येताना नुसतं माकड बघायला जाता येईल. १८७१ ची मोठी आग उत्तरेकडे सरकत फुलर्टन अॅव्हेन्यूपाशी विझली.

पण घर घेणाऱ्यासाठी ‘हिस्टॉरिक’चे दोन वेगळे अर्थ आहेत आणि जाहिरात ते कधी वेगळे करत नाही. इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत असेल तर तो मान आहे. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घरात काही करायला त्याने सहसा अडचण येत नाही. ती शहराने घोषित केलेल्या लँडमार्क भागात असेल, जसे त्याच परिसरातले मिड-नॉर्थ किंवा आर्लिंग्टन-डेमिंग, तर रस्त्यावरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाचा परवाना शहराच्या लँडमार्क आयोगाच्या नजरेखालून जातो. तुमच्या लाडक्या त्या तीन बाजूंच्या खिडक्या बदलायच्या झाल्या तर मनाला येईल ती खिडकी बसवता येणार नाही. आणि खिडक्या बदलायचा खर्च तुमचा की असोसिएशनचा, हे पुन्हा त्या डिक्लरेशनमध्येच.

आता जरा घरात येऊ. घर तुम्ही मे महिन्यात, खिडक्या उघड्या असताना पाहिलंत. जानेवारीत तिथे रेडिएटर सुरू असतील. वाफेचा रेडिएटर फुसफुसतो, कधी रात्री कुणी हातोडी मारावी तसा ठणठणतो. एका पाइपच्या पद्धतीत त्याची चावी पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद ठेवायची. अर्धवट ठेवली की पाणी अडून आवाज आणखी वाढतो. तिसऱ्या मजल्यावर इतकं गरम होतं की बाहेर उणे दहा असताना लोक खिडकी फटभर उघडून झोपतात. तुमच्या सासूबाईंना ते आवडेल बहुधा. मला आवडायचं. पण थर्मोस्टॅट तुमच्या हातात नसणार हे कबूल असायला हवं.

आणि फोडणी! हसू नका. अशा कितीतरी स्वयंपाकघरांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो. बाहेर पाइप काढायचा तर बाहेरची भिंत सामायिक, म्हणजे असोसिएशनच्या बोर्डाची परवानगी हवी, आणि बोर्ड नाही म्हणू शकतं. मिरचीचा ठसका, वाजणारा स्मोक अलार्म आणि खालून आलेला नाराज शेजारी हे तिन्ही मी एकाच दुपारी अनुभवलेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा पंख्याच्या वरचं कपाट उघडून पाइप जातोय का बघा. फ्लॅटमध्येच वॉशिंग मशीन बसवायची परवानगी आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

जिन्याबद्दल तुम्ही ‘चालेल, व्यायाम होईल’ असं लिहून विषय मिटवला आहे. अमेरिकेतला तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा, हे खरं. पण या इमारतींचा पहिला मजलाच रस्त्यापासून अर्धा जिना वर असतो. तर असं करा. गाडीत वीस पौंडांची आट्याची पिशवी टाका, दुधाचे दोन गॅलन टाका, आणि दाखवायच्या वेळेला सगळं घेऊन वर चढा. मग कढीपत्ता गाडीत राहिला असं समजून परत खाली जाऊन या. हे झाल्यावर सासऱ्यांच्या गुडघ्याचा विचार करा. पाच-सहा महिने ते वरच अडकून पडणार असतील, तर ज्या पार्कसाठी घर घेताय ते त्यांना फक्त खिडकीतून दिसेल. हे त्यांना आत्ताच, फोनवर, सरळ विचारा. ‘आम्हाला काय, कुठेही चालेल’ हे उत्तर धरू नका; घरी सध्या किती जिने चढता, मध्ये थांबावं लागतं का, असं विचारा.

खर्चाच्या दोन गोष्टी उपनगरातून येणाऱ्यांना हमखास चकवतात. शहरात घर घेणाऱ्यालाही हस्तांतर कर द्यावा लागतो, दर हजारी साडेसात डॉलर, म्हणजे ५,२०,००० वर ३,९००. हे पैसे क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होतो त्या दिवशी, रोख लागतात. दुसरं, मालमत्ता कराचं आत्ताचं बिल बघून हिशेब करू नका. शिकागोचं फेरमूल्यांकन दर तीन वर्षांनी होतं, २०२४ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये. विक्रेत्याच्या बिलात ज्येष्ठ नागरिकाची वगैरे सवलत असेल तर ती तुमच्याकडे येणार नाही. शाळेचंही पत्त्यावर ठरतं, परिसराच्या नावावर ठरत नाही. रस्ता ओलांडला की हद्द बदललेली असू शकते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘नवऱ्याला कसं पटवू?’ खरं सांगू का, पटवू नका. तुम्ही त्यांच्यापुढे झाडांचे शेंडे ठेवताय आणि त्यांना भिंतीची भीती वाटतेय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. त्यांच्या हातात कागद द्या. इलिनॉयच्या कॉन्डो कायद्याचं कलम २२.१ विक्रेत्याला बरंच काही द्यायला लावतं: नियम, रिझर्व्हची स्थिती, मागच्या वर्षाचा हिशेब, चालू कोर्टकज्जे, विमा, आणि चालू व पुढच्या दोन आर्थिक वर्षांत अपेक्षित मोठे खर्च. त्याखेरीज मागच्या दोन-तीन वर्षांच्या बैठकांचे मिनिट्स (इतिवृत्त) मागा. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाचा कागद तोच, कारण लोक फॉर्मवर ‘अपेक्षित खर्च नाही’ असं लिहितात आणि मिनिट्समध्ये छताखाली बादली कुठे ठेवायची यावर पाऊण तास भांडलेले असतात. बँकाही हल्ली हे विचारतात. २०२१ मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडला इमारत पडून ९८ माणसं गेली, तेव्हापासून रखडलेल्या दुरुस्तीबद्दलची बँकेची प्रश्नावली लांबली आहे, आणि असोसिएशनची उत्तरं पटली नाहीत तर कर्ज अडतं.

हे कागद यजमानांना वाचू द्या. त्यांना धोका दिसला तर तो आकड्यात सांगायला सांगा. आणि तुम्ही एका गोष्टीचं प्रामाणिक उत्तर द्या: तुम्हाला हेच घर हवंय, की दाराबाहेर पडलं की पायी कुठेतरी पोचता येतं असं आयुष्य हवंय? तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, ‘इथे दुधाला जायचं तरी गाडी काढावी लागते.’ माझ्या मते सगळं पत्र त्या एका वाक्याचं आहे. आजोबांच्या वाड्यातही तुम्हाला आठवतं ते माडीपेक्षा दारासमोरचं येणं-जाणं असेल. तसं असेल तर त्याच परिसरात एक वर्ष भाड्याने राहून बघणं हा पळपुटेपणा नव्हे. सध्याचं घर भाड्याने द्या, एक हिवाळा रेडिएटरसोबत काढा, सासू-सासऱ्यांना जिना दाखवा. भाडं ‘वाया’ जातं हा हिशेब आपल्या हाडीमांसी खिळलाय. पण घेतलेलं घर दीड वर्षात विकावं लागलं तर दलाली आणि करात किती जातं, तेही मांडून बघा. लिफ्टची जुनी इमारतही याच भागात मिळते. तिथे असेसमेंट जास्त आणि माडीचा भास कमी, पण सासरे रोज खाली उतरतील.

आणि तरीही हेच घर हवं असेल, तर रविवारची भीती बाळगू नका. इथे ऑफर मान्य झाल्यावरही करारात ॲटर्नीने तपासायची मुदत असते, सहसा पाच कामाच्या दिवसांची, आणि इन्स्पेक्शनचीही अट असते. रिअल्टरकडून दोन्ही लिहून घ्या, शिवाय असोसिएशनचे कागद आणि मिनिट्स पाहून समाधान झालं तरच, अशी अट घाला. एवढ्या अटी बघून विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तर जाऊ द्या. इन्स्पेक्शनची अट सोडून द्या म्हणजे ऑफर तगडी दिसेल, असं कुणी सुचवलं, तर १९२४च्या इमारतीसाठी ते ऐकू नका.

शनिवारी सकाळी पुन्हा एकदा जा, दोघं मिळून, मागच्या गल्लीतून. खालच्या मजल्यावरचं कुणी भेटलं तर थांबून बोला. छप्पर कधी केलं, हे विचारल्यावर ते आधी एकमेकांकडे बघतात का, ते बघा. आणि मिनिट्स हातात आले की शेवटच्या तीन बैठकांत ‘पोर्च’ हा शब्द किती वेळा आलाय तेवढं मोजून मला कळवा.